सायनॉलॉजी डीएस२२४ प्लस: पूररेषेतल्या ऑफिसचा हिशेब कितपत सांभाळतो?

चार-पाच संगणक, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरची अनेकांनी एकाच वेळी वापरायची (मल्टियूजर) आवृत्ती, मालकाच्या टेबलाखाली 'सर्व्हर' म्हणून ठेवलेला डेस्कटॉप आणि त्यालाच कायमची लावून ठेवलेली एक पोर्टेबल हार्ड डिस्क. कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड इथल्या बाजारपेठांतले घाऊक व्यापारी, औषध वितरक आणि कर सल्लागार यांच्याकडे बहुतेक वेळा हीच मांडणी दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा-कृष्णेचं आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठांत शिरलं तेव्हा तिचा दोष उघडा पडला. मूळ डेटा आणि त्याचा बॅकअप जमिनीपासून सारख्याच उंचीवर होते, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी भिजले. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, हेही हीच वाट वापरतं. संगणकाला लावलेली डिस्क त्याला संगणकाचाच भाग वाटते आणि फाइलींबरोबर त्यांचा बॅकअपही कुलूपबंद होतो.

सायनॉलॉजीचा डीएस२२४ प्लस हा दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचा साठवणुकीचा डबा, अशा ऑफिससाठी वारंवार सुचवला जातो. आमचं मत आधीच सांगतो: तीन ते आठ संगणकांच्या ऑफिससाठी तो घेण्यासारखा आहे, आणि त्याचं मोठं कारण त्यासोबत फुकट मिळणारं बॅकअपचं सॉफ्टवेअर आहे. मात्र डबा ऑफिसात आणला म्हणजे डेटा सुरक्षित झाला असं समजून गप्प बसणार असाल तर पैसे वाया जातील. पहिली प्रत संगणकावर असते, हा डबा तीन प्रतींपैकी मधली प्रत सांभाळतो. तिसरी प्रत पूररेषेबाहेर नेण्याचं काम माणसालाच करावं लागतं.

कायद्याची बाजूही लक्षात घ्या. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. खाजगी मर्यादित कंपनी असेल तर हिशेबपुस्तकं आठ आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात, आणि ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणं बंधनकारक आहे. रोजच्या बॅकअपचा हा नियम कंपन्यांना लागू आहे, मालकी हक्काच्या किंवा भागीदारीतल्या दुकानाला नाही. तरी रोजच्या बॅकअपची सवय सगळ्यांनाच कामाची.

डबा आणि डिस्क

आत इंटेलचा सेलेरॉन जे४१२५ हा चार कोअरचा प्रोसेसर आहे, २ जीबी रॅम आहे आणि एक जादा स्लॉट वापरून ती ६ जीबीपर्यंत नेता येते. मागे एक गिगाबिटचे दोन लॅन पोर्ट, एक यूएसबी पोर्ट मागे आणि एक पुढे, पुढच्या पोर्टजवळ कॉपीचं बटण. डिस्कचे ट्रे पुढूनच ओढून काढता येतात आणि साडेतीन इंची डिस्क बसवायला पेचकस लागत नाही. रिकामा डबा साधारण १.३ किलोचा, दोन डिस्क घालून अडीच किलोच्या आसपास. पूरग्रस्त गावात ही शेवटची बाब प्रोसेसरपेक्षा महत्त्वाची आहे, कारण हा डबा एका हातात धरून जिना चढता येतो.

डबा रिकामाच येतो, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात. इथे दुकानदार हमखास घोळ घालतात. नॅसला सीएमआर प्रकारची, म्हणजे डेटाच्या पट्ट्या शेजारी शेजारी असलेली, डिस्क हवी. एसएमआर प्रकारात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यामुळे एक पट्टी बदलायला शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. पण एक डिस्क मेली आणि नव्या डिस्कवर सगळा डेटा उतरवायची वेळ आली की ती इतकी मंदावते की डबा तिला नादुरुस्त समजून बाहेर काढू शकतो. सीगेटची आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडीची रेड प्लस घ्या. नुसती 'रेड' वेगळी आणि 'रेड प्लस' वेगळी: २०२० मध्ये साध्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर निघाल्यावर बराच गदारोळ झाला आणि त्यानंतर कंपनीने ही नावं वेगळी केली. बाराकुडा स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, तिच्या बऱ्याच क्षमता एसएमआर आहेत.

पाच संगणकांच्या ऑफिसला ४ टीबीच्या दोन डिस्क पुरतात. त्या एकमेकींची आरसाप्रत ठेवतात, म्हणून वापरायला एकाच डिस्कएवढी, साडेतीन टीबीच्या आसपास जागा मिळते. शक्य असेल तर दोन्ही डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून किंवा वेगळ्या महिन्यांत बनलेल्या घ्या, कारण एकाच खेपेतल्या डिस्क मागेपुढे बंद पडण्याची शक्यता जास्त. यूपीएस आणि बाहेर न्यायच्या दोन पोर्टेबल डिस्क धरून एकूण खर्च रिकाम्या डब्याच्या किमतीच्या दुपटीहून थोडा जास्त होतो. बजेट आखताना हे सगळं एकत्र मोजा, नाहीतर डबा येतो आणि यूपीएस 'पुढच्या महिन्यात' म्हणून राहून जातो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. आरसाप्रत म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालू राहतं, एवढाच तिचा उपयोग. लेजर चुकून डिलीट झालं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं.

मांडणीतले निर्णय

पहिल्यांदा चालू करताना दोन निर्णय नीट घ्या, त्यातला पहिला नंतर सहज बदलता येत नाही. व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरची साठवणुकीची जागा, बनवताना फाइल सिस्टिम (फाइली साठवायची पद्धत) बीटीआरएफएस निवडा. ईएक्सटी४ निवडलीत तर स्नॅपशॉट, म्हणजे फोल्डरच्या त्या क्षणीच्या गोठवलेल्या प्रती, मिळणार नाहीत आणि खाली ज्याबद्दल सांगितलंय तो ॲक्टिव्ह बॅकअपही चालणार नाही. दुसरा निर्णय प्रशासकाच्या खात्याचा. 'ॲडमिन' हे नाव टाळा, वेगळ्या नावाचं खातं करा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि हा पासवर्ड ऑफिसच्या कुठल्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये जतन करू नका. रोजच्या कामासाठी वेगळं, एकाच फोल्डरपुरते अधिकार असलेलं खातं ठेवा.

डबा बसवल्यावर वेग कमी वाटला तर आधी लॅनची केबल आणि स्विच (सगळ्या केबली एकत्र जोडणारी पेटी) बघा. जुना १०० मेगाबिटचा स्विच किंवा एखादी तार तुटलेली केबल असेल तर सेकंदाला ११-१२ एमबीच डेटा जातो. त्या वेगाने २०० जीबीचा पहिला बॅकअप पाच तास घेतो. हेच काम गिगाबिटवर तासाभरात होतं. वायफायवरच्या लॅपटॉपचा पहिला बॅकअप तरी केबल लावूनच घ्या.

पूर्ण संगणकाचा बॅकअप

डबा खरेदी करण्याचं खरं कारण म्हणजे ॲक्टिव्ह बॅकअप फॉर बिझनेस. हे पॅकेज डब्यावर टाकून सायनॉलॉजी खात्याने एकदा सक्रिय करावं लागतं. प्रत्येक विंडोज संगणकावर एक छोटा एजंट बसतो. त्याला डब्याचा पत्ता आणि खात्याची माहिती दिली की तो विंडोज, सॉफ्टवेअर, प्रिंटरची मांडणी, डेस्कटॉपवरच्या फाइली असं सगळं जसंच्या तसं उचलतो. पहिल्यांदा पूर्ण प्रत, पुढे फक्त बदललेले भाग. चार संगणकांवर तेच विंडोज असेल तर सारखे भाग एकदाच साठवले जातात, त्यामुळे जागा बरीच वाचते. संगणकामागे वेगळं लायसन्स शुल्क नाही. याच कामाच्या इतर अनेक सॉफ्टवेअरचं वार्षिक शुल्क भरणाऱ्याला याची किंमत कळेल.

वेळापत्रकात दोन वेळा ठेवा: दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकदा आणि ऑफिस बंद होण्याआधी एकदा. नुसता रात्री अकराचा बॅकअप लावला तर तो कधीच होत नाही, कारण साडेआठला कोणीतरी मुख्य बटण बंद करून घरी जातं. आमच्या पाहण्यात बॅकअप न होण्याचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे. स्क्रीन लॉक झाल्यावर किंवा लॉगआउट केल्यावर बॅकअप सुरू करायची सोयही आहे, ती लॅपटॉपसाठी उत्तम. किती जुन्या प्रती ठेवायच्या हे ठरवताना शेवटच्या ३० दिवसांची रोज एक आणि मागच्या १२ महिन्यांची दरमहा एक एवढ्या ठेवा. हिशेबातली चूक पुष्कळदा तिमाही विवरणपत्र भरताना सापडते. सातच दिवसांच्या प्रती असतील तर तोवर चांगली प्रत गेलेली असते.

टॅलीबाबत मात्र वेगळी काळजी घ्या. एजंट विंडोजच्या शॅडो कॉपीमधून चालू फाइलींचाही फोटो काढतो. एसक्यूएल सर्व्हरवर चालणारी सॉफ्टवेअर या वेळी आपला डेटा नीट आवरून देतात, टॅली तसं करत नाही. कोणी एंट्री मारत असताना घेतलेली प्रत बहुधा उघडते, पण 'बहुधा' वर हिशेब सोडता येत नाही. म्हणून बंद होण्याआधीचा बॅकअप टॅली सगळीकडे बंद केल्यावरच घ्या. शिवाय टॅलीतला स्वतःचा बॅकअप, वरच्या डेटा मेनूतून, रोज तारखेच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि तो डब्यावरच्या फोल्डरकडे पाठवा. त्याच फोल्डरवर रोज बॅकअप घेतलात तर कालची प्रत आजच्या प्रतीखाली गडप होते. काही जण विंडोजमधली फाइली उचलायची रोबोकॉपी ही आज्ञा ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या टास्क शेड्युलरला लावून टॅलीचा डेटा फोल्डर उचलतात. तेही चालतं, पण त्या आज्ञेचा मिरर हा पर्याय वापरू नका. मूळ ठिकाणी फाइल पुसली गेली की मिरर ती डब्यावरूनही पुसतो.

टॅलीचा चालू डेटा थेट डब्यावर ठेवून सगळ्यांनी तिथूनच काम करावं असा सल्लाही दिला जातो. तो आम्हाला पटत नाही. मोठ्या कंपनी फाइलीला वेग कमी पडतो, आणि एंट्री चालू असताना स्विचची वीज गेली तर डेटा बिघडण्याचा धोका वाढतो. चालू डेटा सर्व्हर संगणकाच्या एसएसडीवर आणि प्रती डब्यावर, हेच बरं.

परत आणून बघणं

एखादी फाइल परत हवी असेल तर रिस्टोअर पोर्टलमध्ये तारखेची पट्टी मागे सरकवायची, फाइल निवडायची आणि उतरवायची. मालकालाही दहा मिनिटांत शिकवता येईल इतकं सोपं आहे. आख्खा संगणक परत उभा करणं त्यामानाने जिकिरीचं. त्यासाठी सायनॉलॉजीच्या साधनाने बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवावा लागतो, आणि तो चालू संगणकावर, शांत वेळी आधीच बनवून ठेवायचा असतो. नव्या संगणकाच्या लॅन चिपचा ड्रायव्हर त्यात नसेल तर डबा सापडतच नाही. नव्या संगणकाची डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी. जुना संगणक लिगसी बायोस या सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीवर असेल आणि नवा फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीवर, तर डेटा उतरतो पण विंडोज सुरू होत नाही. अशा वेळी नवं विंडोज टाकून फक्त फाइली परत घेणं जास्त लवकर होतं.

टॅलीच्या प्रतीची खात्री करायला जादा लायसन्स लागत नाही. दुसऱ्या एखाद्या संगणकावर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये टाका, बॅकअप एका रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि कंपनी उघडा. शेवटच्या व्हाउचरची तारीख, ट्रायल बॅलन्स आणि दोन-तीन पार्ट्यांची बाकी मूळ टॅलीशी जुळवा. या मोडमध्ये एंट्री ठरावीक तारखांनाच करता येतात, पण बघायला अडचण नाही. दर महिन्याच्या जीएसटी विवरणपत्रानंतर हे करायचं ठरवलं तर विसरायला होत नाही. उघडून न बघितलेला बॅकअप आहे की नाही हे कोणालाच माहीत नसतं.

परत उभारताना अडकवणाऱ्या गोष्टी या डब्यात नसतातच. टॅलीचं लायसन्स नव्या संगणकावर सक्रिय करायला सीरियल नंबर आणि नोंदणीकृत ईमेल लागतो. जुना संगणक पाण्यात गेल्यावर लायसन्स सरेंडर करता येत नाही, ते टॅलीच्या खात्यातून रीसेट करावं लागतं. तो ईमेल सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या नावावर असेल तर दिवस मोडतात. टॅली व्हॉल्टचा, म्हणजे टॅलीचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीचा, पासवर्ड हरवला तर कितीही प्रती असल्या तरी कंपनी उघडत नाही. नव्या विंडोज ११ संगणकांवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, त्याची रिकव्हरी की छापून ठेवा. डिजिटल सहीच्या टोकनची प्रत निघत नाही, ते कपाटाच्या वरच्या खणातच हवं. जीएसटी पोर्टलला जोडलेला मोबाइल नंबर कोणाकडे आहे तेही एका कागदावर लिहा आणि तो कागद ऑफिसबाहेर ठेवा.

स्नॅपशॉट

रॅन्समवेअरविरुद्धचं या डब्यातलं सगळ्यात भक्कम हत्यार म्हणजे न बदलता येणारा स्नॅपशॉट. डब्यावर चालणाऱ्या डीएसएम या सायनॉलॉजीच्या कार्यप्रणालीच्या ७.२ आवृत्तीपासून ही सोय आली. ठरवलेल्या मुदतीत हा स्नॅपशॉट प्रशासकालाही पुसता येत नाही, मग चोरलेल्या पासवर्डाने आत शिरलेल्याला कुठून पुसता येणार? टॅलीच्या बॅकअपचा फोल्डर आणि सामायिक कागदपत्रांचा फोल्डर यांवर दिवसातून दोनदा स्नॅपशॉट आणि सात किंवा चौदा दिवसांची मुदत लावा. मुदत उगाच लांबवू नका. एखाद्याने चुकून सीसीटीव्हीचं चित्रण त्याच फोल्डरमध्ये टाकलं तर जागा भरते आणि मुदत संपेपर्यंत ती मोकळी करता येत नाही. फोल्डरला आधीच जागेची मर्यादा घालून ठेवलेली बरी.

इंटरनेटची बाजू मात्र तुमच्या हातात आहे. राउटरवर पोर्ट उघडून डबा थेट इंटरनेटला जोडू नका, मग कोणी इंजिनिअर 'घरून बघता येईल' म्हणून कितीही सुचवो. सुरक्षेतल्या फटी शोधायच्या पॉन२ओन स्पर्धेत २०२४ मध्ये सायनॉलॉजीच्या फोटो पॅकेजमध्ये अशी फट सापडली की कोणी काही क्लिक न करताही हल्लेखोर आत येऊ शकत होता. कंपनीने ती पटकन बुजवली, पण अपडेट न केलेले डबे उघडेच राहिले. लागत नाहीत ती पॅकेजं काढून टाका, सुरक्षा अपडेट आपोआप घ्यायला लावा, चुकीच्या पासवर्डनंतर पत्ता अडवणारी ऑटो ब्लॉकची सोय चालू करा.

ईमेलवर सूचना पाठवायची सोय पहिल्याच दिवशी लावा. एक डिस्क मेली की डबा किंचाळतो. ऑफिसातलं कोणीतरी आवाज बंद करतं आणि विसरून जातं. पुढे दुसरी डिस्क जाते तेव्हा सगळं संपलेलं असतं.

वीज

डीएस२२४ प्लस जेमतेम १५ वॅट घेतो. राउटर आणि स्विच धरून ३० वॅट. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असलेला साधा ६०० व्हीएचा यूपीएस एवढ्यावर पाऊण ते एक तास चालतो. पण अडचण बॅटरीची नाही. बाजारातल्या अनेक ६०० व्हीए यूपीएसना यूएसबीचा पोर्टच नसतो, त्यामुळे वीज गेल्याचं डब्याला कळत नाही आणि बॅटरी संपली की तो धाडकन बंद पडतो. यूएसबी पोर्ट असलेलाच यूपीएस घ्या, केबल डब्याला लावा, कंट्रोल पॅनेलमध्ये यूपीएसचा पर्याय चालू करा आणि पाच मिनिटांनी सेफ मोडमध्ये, म्हणजे फाइली नीट आवरून थांबायच्या स्थितीत, जायला सांगा. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्यायही तिथेच आहे. मग एकदा भिंतीवरचं बटण बंद करून खरंच होतंय का ते बघा. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, पत्र्याच्या शेडमध्ये त्याआधीच.

वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा झटका फक्त वीजवाहिनीतून येत नाही. छपरावरच्या कॅमेऱ्याची तांब्याची लॅन केबल थेट ऑफिसच्या स्विचमध्ये आणलेली असते, आणि डब्याचा लॅन पोर्ट तिच्यामुळे जळतो. कॅमेऱ्यांचा स्विच वेगळा ठेवा, अर्थिंग तपासून घ्या.

तिसरी प्रत

इथे डबा मदत करतो, पण काम माणसाचं आहे. दोन पोर्टेबल डिस्क घ्या, २ टीबीच्या पुरतात. त्यांवर 'सोम' आणि 'गुरू' अशा चिठ्ठ्या चिकटवा. डब्यावरच्या डेटाची प्रत बाहेर पाठवणाऱ्या हायपर बॅकअप पॅकेजमध्ये दोन वेगळी कामं बनवा, प्रत्येक डिस्कसाठी एक, आणि काम झालं की डिस्क आपोआप बाहेर काढायचा पर्याय निवडा. एक डिस्क ऑफिसात, दुसरी कोणाच्या तरी घरी, उंचावरच्या भागात. सोमवारी आणि गुरुवारी अदलाबदल. त्यांवर टॅलीचे बॅकअप, कागदपत्रं, ग्राहकांच्या फाइली एवढंच घ्या. पाच संगणकांच्या पूर्ण प्रती छोट्या डिस्कवर कोंबायचा हट्ट धरला तर काम इतकं लांबतं की डिस्क लावून ठेवली जाते आणि तिथेच राहते.

हायपर बॅकअपला एन्क्रिप्शन लावाच, कारण ही डिस्क दुचाकीच्या डिकीतून जाणार आहे. मात्र त्याची की फाइल आणि पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. ते गेले तर सायनॉलॉजीही ती प्रत उघडू शकत नाही. डबाच वाहून गेला तरी हायपर बॅकअप एक्स्प्लोरर हे मोफत साधन कुठल्याही विंडोज संगणकावर टाकून ही प्रत वाचता येते. नवा डबा मिळेपर्यंत थांबावं लागत नाही, ही गोष्ट आम्हाला विशेष आवडली.

क्लाउडवर पाठवायचं असेल तर सायनॉलॉजीच्या स्वतःच्या सी२ सेवेची केंद्रं फ्रँकफर्ट, सिएटल आणि तैवानमध्ये आहेत. भारतातल्या सर्व्हरची अट पाळायची असलेल्या कंपनीने ती एकमेव प्रत म्हणून धरू नये. हायपर बॅकअप ॲमेझॉनच्या मुंबईतल्या केंद्राकडेही प्रत पाठवू शकतो. २० मेगाबिटच्या अपलोडवर तासाला साधारण ९ जीबी जातं, म्हणजे ५० जीबीचा पहिला बॅकअप एका रात्रीत होतो. पुढे रोजचे बदल मिनिटांचं काम. महापुरात इंटरनेट आणि वीज सगळ्यात आधी जातात, म्हणून क्लाउडची प्रत असली तरी हातातली डिस्क सोडू नका.

पूररेषेतल्या ऑफिसने डबा हलवायचा क्षण आधीच ठरवून ठेवावा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, सांगलीत आयर्विन पुलाजवळ अनुक्रमे ४० आणि ४५. इशारा पातळी गाठली की टॅलीचा बॅकअप घ्या, डबा मेनूतून बंद करा, वायर काढा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर न्या. धोका पातळीची वाट बघितली तर तोवर रस्ता राहत नाही. डबा उचलणं शक्यच नसेल तर तो बंद करून दोन्ही ट्रे ओढून घ्या आणि त्यांवर १ आणि २ लिहा. सायनॉलॉजीच्या दुसऱ्या सुसंगत डब्यात त्या तशाच घातल्या तर डेटा मिळतो. डिस्क भिजलीच, तर तिला वीज देऊन बघू नका, उन्हात किंवा ड्रायरने वाळवूही नका. चिखल वाळून तबकड्यांवर चिकटतो. ओलीच हवाबंद पिशवीत घालून डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या.

कमी पडतो कुठे

२ जीबी रॅम ही खरी काटकसर आहे. चार-पाच संगणकांचे बॅकअप एकाच वेळी सुरू झाले की डब्याचं वेब पान सुस्त होतं. वेळा दहा-पंधरा मिनिटांनी पुढेमागे ठेवल्या तर चालून जातं, नाहीतर ४ जीबीची जादा रॅम घाला. लॅन पोर्ट एक गिगाबिटचेच आहेत. हिशेबाच्या ऑफिसला पुरतात, व्हिडिओ किंवा छपाईच्या मोठ्या फाइली हाताळणाऱ्याला नाही. हमी दोन वर्षांची आहे आणि पाण्याने किंवा विजेच्या झटक्याने झालेलं नुकसान तिच्यात धरू नका.

यानंतरच्या डीएस२२५ प्लसमध्ये प्रोसेसर तोच आहे, एक लॅन पोर्ट अडीच गिगाबिटचा झाला आहे. २०२५ मध्ये तो आला तेव्हा कंपनीने आपल्याच डिस्कची सक्ती केली होती, ऑक्टोबर २०२५ मधल्या डीएसएम ७.३ ने ती हटवली. किमतीत फारसा फरक नसेल तर तो घ्या, पण विकणाऱ्याकडून डीएसएम ७.३ टाकूनच घ्या. डीएस२२३जे स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. त्यात बीटीआरएफएस नाही, म्हणजे वर सांगितलेल्या कामांपैकी निम्मी होत नाहीत.

एकच संगणक आणि एकच टॅली असलेल्या दुकानाने नॅसच्या फंदात पडू नये. व्हीम एजंट या बॅकअप सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती त्या संगणकावर टाका, दोन पोर्टेबल डिस्क घ्या, बॅकअप झाल्यावर डिस्क आपोआप बाहेर काढायची सोय चालू करा आणि एक डिस्क रोज घरी न्या. वाचलेल्या पैशांत यूएसबीचा यूपीएस येतो.